खाऱ्या बांधीतल्या बाई

"मेलेले आधी दाखवा."

शेतावर आल्यावर आमच्या बाईंचं पहिलं वाक्य हे असायचं. डोक्यावर पदर, पदरावर बांबूच्या पात्यांची टोपी, खांद्याला कापडी पिशवी, अशा त्या सकाळी फाटकातून आत यायच्या आणि जो मजूर पहिला दिसेल त्याला विचारायच्या, "काल किती मेले? मेलेले आधी दाखवा." नवा माणूस दचकायचा. मीही दचकलो होतो. शेतीच्या खात्यात नोकरी करणारा कुणीही माणूस पाहा, तो पाहुण्याला हिरवंगार पीक दाखवायला नेतो. आमच्या बाई वाळलेली रोपं बघायला अशा घाईने जायच्या की जणू तिथे त्यांचं टपाल येऊन पडलंय.

बाई धान पैदासकार होत्या. म्हणजे धानाच्या दोन जातींचा संकर करून त्यातून तिसरी, उपयोगाची जात काढायची, हे त्यांचं काम. चंद्रपूर जिल्ह्याच्या झाडीपट्टीत एका लहानशा सरकारी संशोधन प्रक्षेत्रावर त्या होत्या आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी साताऱ्याकडून त्यांचा सहायक म्हणून तिथे रुजू झालो. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "बाई, इथला भात उंच दिसतो." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, शेतात उभं राह्यते ते धान. ताटात येते तो भात. तुमच्या इकडे एकच शब्द, म्हणून तुम्हाले लौकर भूक लागत असंल."

त्यांनी असं काही म्हटलं की राग यायचा नाही. उलट पुन्हा चुकावंसं वाटायचं.

प्रक्षेत्राच्या एका कोपऱ्यात विटांनी बांधलेले वाफे होते. त्यांत बाई मीठ घालायच्या. खरंखुरं, जाडं मीठ. मिठाची पोती आणायला मी बाजारात जायचो, तेव्हा दुकानदार विचारायचा, "साहेब, लोणचं घालून राह्यले का शेतात?" मी सांगायचो की आम्ही खारट जमिनीत जगणारं धान शोधतोय. त्यावर तो माझ्याकडे दयेने बघायचा आणि पोतं गाडीत चढवायला हमाल द्यायचा.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते मला एका उन्हाळ्यात कळलं. बाई मला जवळच्या गावी घेऊन गेल्या. गावाला मोठा जुना तलाव, तलावाला मातीची पाळ, आणि पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. पाळीतून वर्षानुवर्षं पाणी पाझरत होतं. त्याला जायला वाट नव्हती. उन्हाने पाणी उडून जायचं आणि मागे मीठ राहायचं. त्या बांध्यांवर पांढरी खपली धरली होती, चुना सांडल्यासारखी. गावकरी त्या भागाला नुसतं 'खारी' म्हणायचे.

खारीत सगळ्यात मोठी बांधी डोमाभाऊंची. डोमाभाऊ तलावात मासे धरायचे. बोलणं अगदी कमी. ती कमी त्यांची बायको पर्बताबाई भरून काढायची.

"दरसाली रोवतो जी," पर्बताबाई म्हणाली. "रोवणीच्या वक्ताले हिरवं, पोळ्याले पिवळं, अन् दसऱ्याले बैलाच्या पुढ्यात. मच्छी आहे म्हणून चुलीवर काहीतरी शिजते. पण नुसत्या रश्श्याचं काय करा? भात तं पायजे ना खाली."

बाई खाली बसल्या. पांढरी माती चिमटीत घेतली, पुन्हा सोडली. मग म्हणाल्या, "यातून एक ताटभर भात काढून देईन तुम्हाले. पण वेळ लागंल."

"किती वेळ?"

"तुमच्या पोरीच्या लग्नापर्यंत धरा."

पर्बताबाईची मुलगी तेव्हा परकर-पोलक्यात पाळीवर शेळ्या राखत होती.

कोकणात खाडीकाठी, जिथे भरतीचं पाणी शेतात शिरतं, तिथे शेकडो वर्षं तगून राहिलेलं एक धान आहे. बाईंनी ओळखीच्या शास्त्रज्ञाला लिहून त्याचं बी मागवलं. ते आलं ते बघून मजूर बायका हसत सुटल्या. लाल दाणा, जाडाभरडा, आणि टोकाला ही लांब मिशी.

"हा नवरा आणला बाईनं," एक जण म्हणाली. "काऊन बाई, दुसरा भेटला नाई?"

"समुद्रावरचा आहे," बाई म्हणाल्या. "दिसायले असाच. पण मीठ पचवते."

तेव्हापासून तो जावई झाला आणि आमचं झाडीतलं बारीक, पांढरं धान ही नवरी. संकराचं काम फार नाजूक. धानाच्या फुलात नर-मादी एकाच घरात राहतात, त्यामुळे फूल उमलण्याआधी बारीक कात्रीने टोक कापून चिमट्याने आतले पिवळे पुंकेसर काढून टाकायचे, वर कागदाची पिशवी चढवायची आणि वेळ झाली की दुसऱ्या जातीचे पराग त्यावर झटकायचे. बाई सांगायच्या की हे काम कॉलेजच्या मुलांपेक्षा मजूर बायकांच्या हातून चांगलं होतं, कारण त्यांच्या हाताला घाई नसते. पिशव्या चढवताना बायका हळदीची गाणी म्हणायच्या आणि जावयाच्या मिशीवरून नवी कडवी जुळवायच्या. प्रक्षेत्राचे प्रमुख साहेब लांबून जाताना दिसले तरी गाणं थांबायचं नाही. बाईच पहिली ओळ धरायच्या.

पहिल्या पिढीची रोपं सगळी एकसारखी आली. दुसऱ्या पिढीत मात्र वाफ्यात जत्रा भरली. एक उंच, एक बुटकं, एक मिशीवालं, एक बिनमिशीचं, एक मिठात आठवड्यात मान टाकणारं, दुसरं त्याच्याच शेजारी खुशाल डोलणारं. पर्बताबाई त्या दिवशी मासे विकायला प्रक्षेत्रावर आली होती. तिला बाई वाफ्यापाशी घेऊन गेल्या.

"हे पाहा, एका लग्नाची पोरं," बाई म्हणाल्या. "मीठ सोसायचा गुण एक नाई, बहुत आहेत. मुळाशी चौकीदार पायजे, मिठाले बाहेर अडवणारा. तरी थोडं मीठ घुसते, तं त्याले खोडातच रोखणारा कोणी पायजे. त्याच्याही पुढं गेलं, तं ते साठवायले कोठी पायजे. प्रत्येक गुणाचं जनुक वेगळं. एखाद्या पोराले चौकीदार भेटते पण कोठी नाई. एखाद्याले कोठी भेटते पण दार सताड उघडं. मले सगळे गुण एकाच पोरात पायजे."

पर्बताबाईने विचार केला. "माह्या चार लेकराईत बापाचं नाक एकालेच आलं," ती म्हणाली, "अन् त्याले नेमकं बापाचं पोहणं नाई आलं. नाक घेऊन पाळीवर बसून राह्यते."

बाई इतक्या हसल्या की चष्मा कपाळावरून वाफ्यात पडला. पुढे विद्यापीठातले लोक अनुवंशशास्त्राचे अवघड प्रश्न काढून बसले की त्या मला हळूच म्हणायच्या, "पर्बताचं नाक सांगू का यायले?"

बाईंचं स्वतःचं घर वरोऱ्याला. वडील तिथल्या जिनिंगमध्ये हमाल होते. नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या वर्षी त्यांनी थोरल्या मुलीला शाळेतून काढायचं नाही असं ठरवलं, आणि ती शिकत शिकत शेतीच्या कॉलेजपर्यंत गेली. पाठच्या भावंडांची शिक्षणं मग हिनेच केली. यजमान रेल्वेत. बाई शनिवारी वरोऱ्याला जायच्या आणि सोमवारी डबा घेऊन परत यायच्या. डबा यजमान करायचे. त्यात मीठ जवळजवळ नसायचं, कारण बाईंना रक्तदाब होता आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं.

"पाहा भाऊ," अळणी भाजी चिवडत त्या म्हणायच्या, "मीठ सोसणारं जनुक सगळीकडं शोधून राह्यली मी, अन् माह्यातच नाई."

आमचे प्रमुख साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना फक्त हिरवं आवडायचं. बाईंचे वाफे रस्त्यावरून दिसायचे आणि त्यात नव्वद टक्के रोपं नेहमी मेलेली असायची, याचा त्यांना फार त्रास व्हायचा. एकदा नागपूरहून मोठे अधिकारी येणार होते, तेव्हा त्यांनी त्या कोपऱ्यापुढे बांबूचे तट्टे उभे करून घेतले. अधिकारी आले. हिरवे प्लॉट बघून झाले. चहा झाला. आणि बाई शांतपणे त्यांना तट्ट्यामागे घेऊन गेल्या.

"हे काय?" अधिकारी म्हणाले. "सगळं मेलंय."

"होय जी. हे आमचं सर्वात चांगलं पीक."

प्रमुख साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

"जे मेले त्यायनं मले सांगितलं की माह्या वाफ्यात मीठ पुरेसं आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून जे उभे आहेत, त्याईवर मी भरोसा करते."

त्यांतला एक अधिकारी मुळात मातीचा माणूस असावा. तो पँट वर ओढून उकिडवा बसला. जगलेल्या एका रोपाला हात लावून म्हणाला, "पण बाई, याचीसुद्धा खालची पानं करपलीत."

"तीच तं गंमत आहे," बाई त्याच्या शेजारी बसल्या. "हे धान मीठ सगळ्या अंगात सारखं वाटत नाई. खालच्या जुन्या पानात नेऊन टाकते. थोरलं पान अंगावर घेते अन् वाळते. त्याच्यामुळं वरचं कोवळं पान हिरवं राह्यते, अन् लोंबी त्या वरच्या पानाच्या जिवावर भरते. नागपूरच्या यंत्रात दोन्ही पानं तपासून आणली मी. खालच्यात मीठच मीठ, वरच्यात नावाले."

अधिकाऱ्याने ते वाळकं पान बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. बाई घरातल्या थोरल्या, हे मला ठाऊक होतं. पण त्यांच्या ते मनात असेल असं वाटत नाही. त्या पुढच्या वाफ्याकडे निघाल्या होत्या. तट्टे दुसऱ्या दिवशी निघाले आणि मजुरांनी आपापल्या गोठ्याला लावले.

सगळं असं हसत-खेळत झालं असं मात्र नाही. एका वर्षी निवडलेल्या ओळी, म्हणजे एकेका निवडक रोपापासून वाढवलेले वंश, मिठात इतक्या सुंदर वाढल्या की आम्ही मनातल्या मनात पेढे वाटले. कंबरभर धान, लोंब्या बाहेर आलेल्या. पण लोंब्या वाकेनात. ताठ उभ्या राहिल्या. बाईंनी एक लोंबी तळहातावर चुरली आणि फुंकर मारली. हातात काहीच उरलं नाही. दुसरी चुरली. तिसरी. सगळा कोंडा. दाणा भरलाच नव्हता.

बाई बांधावर बसल्या. मी जरा अंतरावर उभा राहिलो. बायकांनी खुरपी थांबवली. बाईंनी पदराने चेहरा पुसला. घाम होता की काय, ते मला सांगता येणार नाही.

"लहानपणी मीठ सोसणं वेगळं," त्या म्हणाल्या, "अन् फुलावर आल्यावर सोसणं वेगळं. दोन्हीची जनुकं वेगळी आहेत. मी एकच परीक्षा घेतली अन् पास करून मोकळी झाली." मग उठल्या, लुगडं झटकलं. "चला. आता दुसरी परीक्षा घेऊ. मीठ फुलोऱ्यापर्यंत चालू ठेवा."

दोन्ही परीक्षांत पास झालेली ओळ पुढे निघाली. दाणा भरला, लोंबी वाकली, प्रमुख साहेबांनी पाठ थोपटली. अहवाल पाठवू म्हणाले. बाई म्हणाल्या, "आधी खाणाऱ्याले विचारू." त्यांनी पर्बताबाईला पसाभर तांदूळ नेऊन दिले. आठवड्याने ती परत आली. चेहरा संकोचलेला.

"नाराज नका होऊ बाई. पोटाले होते. पण लाल आहे, अन् शिजून बी तो एकीकडं अन् रस्सा एकीकडं. आमच्या घरचा नाई वाटत."

मला राग आला. इतकी वर्षं मेहनत, आणि या पर्बताबाईला चव पाहिजे. मी तसं बोललोसुद्धा. बाई माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा रागावल्या.

"काऊन? गरिबाले जीभ नसते का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मजूर बायकांना जमवून सांगितलं की जावयाची लेक आता मामाच्या पोराला द्यायची. म्हणजे मिठात टिकलेल्या ओळीचा संकर पुन्हा आपल्या बारीक पांढऱ्या धानाशी. त्यातून जी मिठात जगतील ती निवडायची आणि तीही पुन्हा त्याच घरात द्यायची. दर वेळी दाणा, रंग, चव आजोळची होत जाणार. फक्त कोकणातले ते मीठ सोसायचे गुण वाटेत हरवू द्यायचे नाहीत. हे बायकांना समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे मामाच्या घरी लेक देणं हे रोजचंच. त्यांना फक्त एक शंका होती.

"मिशी जाईल ना बाई?"

"मिशी आधी जाईल," बाई म्हणाल्या.

तशी ती गेली. पण काम पुरं व्हायच्या आत प्रमुखांनी मिठाचे वाफे मोडायचं ठरवलं. जिल्ह्यात खारट जमीन ती किती, त्यासाठी किती वर्षं घालवायची, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न चूक नव्हता. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी एकच मागितलं, की उरलेल्या ओळींची चाचणी शेतकऱ्याच्या बांधीत घेऊ द्या. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकून सही केली.

त्या खरिपात डोमाभाऊंच्या बांधीत दोरी लावून ओळींनी रोवणी झाली. बाई रोज सायकलवरून मला मागे बसवून न्यायच्या, म्हणजे खरं तर मी चालवायचो आणि त्या मागे बसून सूचना करायच्या. बऱ्याच ओळी पोळ्यापर्यंत पिवळ्या पडल्या. काही दसऱ्याला पोचट निघाल्या. उरल्या त्या डोमाभाऊंनी स्वतः कापल्या, वेगवेगळ्या चुरल्या, म्हणजे मळून दाणे काढले, आणि पर्बताबाईच्या अंगणात चुली पेटल्या. प्रत्येक ओळीचं भगुणं वेगळं. तलावातली मच्छी, लाल रस्सा. सगळा मोहल्ला गोळा झाला.

आणि कुणी हात लावेना. का ते मला आधी कळेना. मग डोमाभाऊंनीच खाली बघत सांगितलं, "लोक म्हणून राह्यले, खारीतलं धान म्हणजे भात खारट असंल."

बाईंनी समजावून सांगितलं असतं. पण पर्बताबाईने त्यांना थांबवलं. तिने एका भगुण्यातला भात घेतला, रस्सा न घालता, नुसता. तोंडात घातला. डोळे मिटून चावत राहिली. मोहल्ला बघतोय. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी माझं मनगट पकडलं होतं, हे त्यांना कळलं नसावं. मनगट दुखायला लागलं तरी मी हात काढला नाही.

पर्बताबाईने घास गिळला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

अंगणात जो हशा उठला तो तलावापलीकडे गेला असेल. पर्बताबाई मात्र हसली नाही. दुसरा घास घेऊन हळूच म्हणाली, "पण घरचा आहे." मग तिने रस्सा वाढायला घेतला. बाईंना पहिलं ताट. त्या दिवशी बाईंनी डॉक्टरांचं ऐकलं नाही.

ते धान कधी कुठल्या समितीपुढे गेलं नाही, त्याला सरकारी नाव मिळालं नाही. साऱ्या खारीत मात्र पुढच्या साली तेच रोवलं गेलं. पर्बताबाईच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा आईने ओटीत त्याचं बी बांधून दिलं. सासरी, गडचिरोलीकडच्या एका तलावाखाली, तशीच पांढरी जमीन होती म्हणे.

बाईंची बदली जिवतीकडच्या एका कार्यालयात झाली. डोंगराळ, कोरडवाहू मुलूख, धान नाही, प्रयोगाला जमीन नाही. जायच्या दिवशी त्या खुशीत होत्या, निदान तसं दाखवत होत्या. त्यांना एसटीत बसवून मूल गावापर्यंत पोचवायला मी बरोबर निघालो. तेव्हा मला वाटलं होतं की भेटत राहू. पत्रं झाली, भेट झाली नाही. निवृत्तीनंतर त्या वरोऱ्याला राहिल्या आणि काही वर्षांनी गेल्या. माझी तोवर परत साताऱ्याकडे बदली झाली होती, मला ते फार उशिरा कळलं.

म्हणून मला बाई आठवतात, त्या निघाल्या त्या दिवसाच्याच. दिवाळीआधीचे दिवस होते, धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. बस तलावाच्या पाळीवरून चालली होती आणि बाई खिडकीतून खाली खारीकडे बघत होत्या. एकाएकी त्या उठल्या.

"थांबवा जी जरा."

कंडक्टरला वाटलं, त्यांना मळमळतंय. त्याने घंटी मारली. बाई उतरल्या, पाळीवरून खाली गेल्या, लुगडं वर खोचलं आणि थेट डोमाभाऊंच्या बांधीत शिरल्या. बसमधले सगळे त्या बाजूच्या खिडक्यांना आले. धानाच्या मधोमध जाऊन बाई वाकल्या, दोन्ही हातांनी एक रोप मुळासकट उपटलं, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, लालसर, परकं. ते बांधावर फेकलं. मग उभ्या राहून त्यांनी सगळ्या बांधीवरून एकदा नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, आणि परत आल्या. पायऱ्यांवर चिखल.

"काही राह्यलं होतं का बाई?" कंडक्टरने विचारलं.

"भेसळ होती एक. काढून टाकली," त्या म्हणाल्या. "आता ठीक आहे. चला."